पाठराखीण

चोरुमच्या संग्रहालयात माझी रात्रपाळी.
नऊला दारं लावायची, अकराला एक फेरी,
मग हीटरपाशी खुर्ची, पेल्यात काळा चहा,
आणि पुतण्यानं मोबाइलमध्ये घालून दिलेला तो खेळ.

खेळात मी राजा आहे.
(घरी नाही. नूरदानला विचारा.)
राज्य लहान, दोन नद्यांच्या बेचक्यात,
पूर्वेला थोराड शेजारी, त्याचे रथ माझ्या तिप्पट.
काल त्याला मुलगी दिली.
तीनदा बोट टेकवलं, बस्स.
मुलगी निवडा. वर निवडा. पाठवा.
नकाशावर शेजारी लाल होता तो हिरवा झाला,
आणि पोरीचा चौकोनी चेहरा
माझ्या यादीतून सरकून त्याच्या यादीत गेला.
नाव होतं काहीतरी. नावं खेळच ठेवतो.

समोर काचेमागे, दिव्याखाली
एक पाटी आहे भाजलेल्या मातीची,
तळहाताएवढी, कोपरा उडालेला.
अंकाऱ्याच्या बाई येतात, भिंग लावून तासन्‌तास बसतात.
एकदा चहा पिता पिता मलाही वाचून दाखवली.
कुण्या राजानं कुण्या राजाला मुलगी दिली,
त्या देण्याघेण्याची ही यादी.
सोन्याचे पेले इतके. निळ्या दगडांच्या माळा इतक्या.
माथ्यावर ओतायला तेलाचा बुधला, एक.
घोडे चार, त्यातल्या दोघांची नावंसुद्धा.
पाठराखिणी तीस.
आणि मुलगी? मी विचारलं.
तिथंच कोपरा उडालाय, बाई म्हणाल्या,
आणि भिंग पुसत बसल्या.

आमच्यात तह वगैरे काही नव्हता.
पाणचक्कीमागची अकरा दुनुम जमीन होती,
माझा थोरला भाऊ आणि सोयसाल मंडळी,
सतरा वर्षांचा कज्जा.
एका बायरामला कुणीतरी म्हणालं, त्यांचा मुलगा जर्मनीत असतो,
तुमची आयपेरी एकोणीसची.
साखर वाटली. वकिलाचे पैसे वाचले.
भावानं त्या संध्याकाळी मला मिठी मारली,
इतकी घट्ट, की वाटलं
हा माझे आभार मानतोय की माफी मागतोय.

जावई चांगला आहे.
हे मी नेहमी आधीच सांगून टाकतो, का ते ठाऊक नाही.

विमानतळावर तिच्याबरोबर कुणी नव्हतं.
दोन बॅगा, आणि तीन किलो फुटाणे,
आमच्या गावचे, दोनदा भाजलेले.
पलीकडे उतरल्यावर म्हणे पोलिसानं पिशवी उघडून
एक फुटाणा नाकापाशी नेला, वास घेतला, विचारलं हे काय.
तिला त्या भाषेत दोनच शब्द येत होते.
तिनं एक तोंडात टाकून चावून दाखवला.

रात्री तीनला खेळ थरथरला.
आपली कन्या प्रसूतीत दगावली. करार संपुष्टात.
शेजारी पुन्हा लाल.
खाली एक बारीक ओळ:
दुसरी मुलगी उपलब्ध, वय नऊ. सहा वर्षं थांबायचे का?

मी उठलो. अवेळी एक फेरी मारली.
पाटीच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा आहे,
ओली असताना ती कुणीतरी धरली होती.
बॅटरी तिरकी धरली तरच दिसतो.

डुइसबुर्गमध्ये तेव्हा एक वाजला होता.
ती बेकरीत जायला याच वेळी उठते.
फोन पहिल्याच घंटीला उचलला.
काय झालं, बाबा?
काही नाही. फुटाणे पाठवतोय.
पलीकडे नळ वाहत होता, मग बंद झाला.
खारे पाठवा, म्हणाली,
मुलांना गोड आवडतात, पण तुम्ही खारेच पाठवा.

बोलता बोलता दुसऱ्या हाताकडे पाहिलं.
रथ नदीपर्यंत आले होते.
येऊ देत.